लॅपटॉपला कौल

लोणावळ्याच्या बाजारात माझं लॅपटॉप दुरुस्तीचं दुकान आहे. तिथे काही वर्षं माझ्यासोबत एक गृहस्थ काम करायचे. कुठलंही मशीन उघडण्याआधी ते त्याला कौल लावायचे.

खिशात कागदाची पुडी असायची, तिच्यात थोडे तांदूळ. बाटलीच्या झाकणात पाणी घ्यायचं, दोन दाणे भिजवायचे. बंद लॅपटॉप टेबलावर उभा करून भिंतीला टेकवायचा आणि त्याच्या झाकणावर, वरच्या कडेशी, एक दाणा उजवीकडे आणि एक डावीकडे चिकटवायचा. हात जोडणं नाही, डोळे मिटणं नाही. झोपलेल्या माणसाला उठवावं तशा आवाजात विचारायचं, "उघडू का?" उजवा दाणा आधी पडला तर स्क्रू ड्रायव्हर हातात घ्यायचा. डावा पडला तर मशीन गिऱ्हाइकाला परत.

"पण परत का?" गिऱ्हाईक विचारायचं.

"न्हाई म्हणतंय."

"कोण?"

"हे." आणि लॅपटॉपकडे बोट.

शनिवार-रविवारी बंगल्यांवर येणारी पुण्याची माणसं हसायची, मोबाइलवर व्हिडिओ काढायची. आबांना त्याचं काही नसायचं. सगळे त्यांना आबाच म्हणायचे, मीही. देहूरोडच्या लष्करी डेपोत वायरलेस संच दुरुस्त करून ते निवृत्त झाले होते. हात स्थिर, सोल्डरिंग स्वच्छ. मला तेवढं पुरेसं होतं. पहिल्यांदा तांदूळ पाहिले तेव्हा मी म्हटलं, "आबा, दाणा की-बोर्डात गेला तर साफ तुम्हीच करायचा." ते "व्हय" म्हणाले आणि त्या दिवसापासून खाली फडकं अंथरायला लागले. या विषयावरचं आमचं भांडण एवढंच.

दाणे का पडतात ते मला माहीत होतं आणि मी त्यांना सांगितलंही. चालू असलेलं मशीन आणलं की ते एका बाजूला जास्त तापलेलं असतं. त्या बाजूचा दाणा आधी वाळतो आणि पडतो. यात विचारण्यासारखं काही नाही.

आबांनी ते नीट ऐकून घेतलं. "आन देवाचा दगड?" ते म्हणाले. "त्यो कुटं तापतो?"

त्यांचं गाव मळवलीच्या पलीकडे, डोंगराच्या पायथ्याला. घराणं गुरवाचं. देवाची पूजा आणि कौल लावणं पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे. लग्न जमवायचं, विहीर खणायची, बैल विकायचा, कुठेही अडलं की गावातली माणसं त्यांच्या घरी यायची. देवाच्या दगडावर ओल्या पाकळ्या लावायच्या. उजवी पडली की हो, डावी पडली की नाही. पण माणसांसाठी कौल लावणं आबांनी सोडून दिलं होतं. देवळातलं काम पुतण्याकडे दिलं आणि स्वतः फक्त माझ्या दुकानातल्या यंत्रांना विचारायचे.

का, ते एका दुपारी कळलं. पावसाळ्याचे शेवटचे दिवस होते. धुकं दुकानात शिरलं होतं, वीज गेलेली, इन्व्हर्टरही बसलेला. काम नव्हतं म्हणून मी विचारलं.

"पोरासाठी लावला हुता," ते म्हणाले. "मेव्हण्यानं जहाजावरची नोकरी आणली. घरात दोन मतं. बायको म्हणाली नको, मेव्हणा म्हणाला चान्स पुन्हा येनार न्हाई. मग म्या देवापुढं बसलो. हात काढला न काढला तवर उजवी पाकळी पडली. पोराला सांगितलं, देव हो म्हणतोय."

"तो काय म्हणाला?"

"बरं म्हणाला."

"मग?"

"गेला. पयल्याच खेपेला कुटल्यातरी बंदरात उतरला. बोट सुटली, ह्यो चढला न्हाई."

"सापडला नाही?"

"सापडायला आदी हरवावं लागतंय, ताई. त्यो चालत उतरला. पाठीला पिशवी लावून." मग म्हणाले, "त्याला जायचं हुतं का, हे म्या इचारलंच न्हाई. देवाला इचारलं. पोरगं शेजारीच बसलं हुतं."

मी मेणबत्ती लावली आणि समोरून चहा मागवला.

त्या मुलाचा लॅपटॉप घरी होता. बोटीवर नको म्हणून ठेवून गेलेला. टॉवेलात गुंडाळून आबांनी तो कोनाड्यात ठेवला होता आणि त्याला हात लावला नव्हता. मी कितीदा म्हटलं, "आणा इथे. आतलं सगळं काढून देते, फार वेळ लागणार नाही." ते मान हलवायचे. त्यामागचं कारण ते एकदाच बोलले, तेही माझ्याकडे न बघता. मुलाने त्यात कुणाला काही लिहिलं असेल, कुणाशी बोलला असेल. जायची हौस होती असं निघालं तर बरंच. नव्हती असं निघालं, तर त्याला घालवणारे आपण. हे कळेपर्यंत दोन्ही शक्य होतं आणि त्या दोन्हींच्या मध्ये आबा कितीतरी वर्षं राहत होते.

बाकी यंत्रांशी त्यांचं वागणं ठरलेलं होतं. झाकण उघडण्याआधी बोटाच्या पेराने टकटक करायची. चालू पडद्याकडे पाठ करायची नाही. दुकानातून बाहेर जाताना टेबलावर एखादा लॅपटॉप चालू असेल तर ते उलट्या पावलांनी दारापर्यंत जायचे. "मेला" हा शब्द मशीनला लावलेला त्यांना चालत नसे. गिऱ्हाईक म्हणालं, "माझा लॅपटॉप मेला," की ते विचारायचे, "तुमाला कोण म्हणालं?"

आतल्या खोलीत एक फळी आहे. लोक टाकून गेलेले लॅपटॉप तिथे पडून असतात, सुट्या भागांसाठी. संध्याकाळी निघताना आबा त्या फळीशी जायचे आणि प्रत्येकावर टकटक करत पुढे सरकायचे. "हे रिकामं. हे रिकामं. हे रिकामं." एका करड्या लॅपटॉपपाशी मात्र थांबायचे, टकटक करायचे नाहीत, वळसा घालून पुढचा घ्यायचे.

त्या लॅपटॉपची हकिगत अशी. खंडाळ्याच्या एका बाईंनी तो आणला होता. चालता चालता मधेच बंद पडायचा. आबांनी कौल लावला, डावा पडला. बाई चिडल्या. आबा घरी गेल्यावर मी तो उघडला. गिऱ्हाइकाला थोपवून डाव्या कौलाची मशीन मी अशी नेहमीच उघडायची आणि बहुतेक सगळी नीट व्हायची. एकदा एकातून धूर आला, पण धूर उजव्या कौलाच्यातूनही आलेला आहे. हा करडा तर अगदी सोपा निघाला. पंखा कचऱ्याने अडकला होता. साफ केला, बाई घेऊन गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्या परत आल्या. लॅपटॉप काउंटरवर ठेवला आणि म्हणाल्या, "हा माझा नाही."

मी झाकणावरचा ओरखडा दाखवला, त्यांचे फोटो दाखवले, त्यांच्या मुलीच्या बारशाचा व्हिडिओ दाखवला.

"सगळं माझंच आहे," त्या म्हणाल्या. "लॅपटॉप माझा नाही. मी टाइप करायला बसले की हात ठेवायची जागा आधीच गरम असते. कोणीतरी आत्ताच उठून गेल्यासारखी."

मी पंख्याबद्दल, उष्णतेबद्दल सांगितलं. त्यांनी ऐकलं आणि लॅपटॉप न घेता गेल्या. पुन्हा कधी आल्या नाहीत. मी त्याची बॅटरी काढली आणि तो फळीवर टाकला. बऱ्याच महिन्यांनी एका सकाळी शटर उघडून आत गेले, तर त्याचा पॉवरचा दिवा लागलेला होता. बॅटरी ड्रॉवरमध्ये, चार्जर कुठे जवळपास नाही. बोर्डावर कधीकधी थोडा चार्ज उरतो, असं मी स्वतःला सांगितलं. इतके महिने उरत नाही, हे मला माहीत आहे. आबा आले तेव्हा दिवा विझला होता. मी त्यांना काही बोलले नाही. तरी त्या संध्याकाळी त्याच्यापुढून जाताना ते म्हणाले, "झोपलं का आता?"

हे वाचून कोणाला वाटेल की मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवते. मी दुकान चालवते. लॅपटॉप चालू झाला की माझं काम संपतं.

आता त्या दिवसाबद्दल. श्रावण होता, आठवड्याचा मधला वार, बाजारात गर्दी नव्हती. दुपारी धुकं इतकं उतरलं होतं की समोरचं चिक्कीचं दुकान दिसत नव्हतं. सकाळपासून आबा आले नव्हते. ते आले ते पुतण्याच्या मागून. देवळातला कौल आता लावतो तोच हा. तिशीचा, मळवलीला लोकांचे बंगले सांभाळतो, भाड्याने देतो. त्याच्या हातात टॉवेलात गुंडाळलेला लॅपटॉप होता.

"ताई, मी चांगल्यासाठी केलं," तो आल्या आल्या म्हणाला. "आदी ऐका."

"काय केलंस?"

"बंगल्याचं बुकिंग मोबाइलवर नीट दिसत न्हाई. हा नुसता पडून हुता. काकीला इचारलं, ती म्हणाली ने. पासवर्ड कुणाला म्हाईत न्हाई, म्हणून जुनं चालूच केलं न्हाई. मित्राचा पेनड्राइव्ह लावला आन थेट नवीन सिस्टिम टाकली."

"आबांना विचारलंस?"

त्याने मान खाली घातली. "काका घरी नव्हतं."

"पुढे?"

"समदं बरोबर झालं. शंभर टक्के दाखवलं, रिस्टार्ट म्हणालं. तवापासनं काळं. पंखा फिरतोय, वरच्या कोपऱ्यात एक रेघ लुकलुकतीय, बास."

"टाकताना डिस्क निवडायला सांगितली असेल."

"पयली हुती ती निवडली. आदी फॉरमॅट मारला, मग टाकली."

आबा अजून दारातच होते. तिथून त्यांनी विचारलं, "फॉरमॅट म्हंजी पुसलं ना?"

"हो," मी म्हटलं.

"समदं?"

"ते बघितल्याशिवाय सांगता येणार नाही."

ते आत आले. टॉवेल काढला, लॅपटॉप भिंतीला टेकवून उभा केला, फडकं अंथरलं, दाणे भिजवले आणि लावले. विचारताना त्यांचा आवाज फुटला नाही. ओठ तेवढे हलले.

दाणे पडले नाहीत.

आम्ही बसून राहिलो. कारण उघड होतं. मशीन थंडगार, हवेत पाणीच पाणी, दाणे वाळणार कसे? पण नुसतं कारण माहीत असून भागत नाही. त्या काळ्या झाकणावर दोन पांढरे दाणे डोळ्यांसारखे दिसत होते आणि तिघांपैकी कोणीच त्यांच्यावरून नजर काढत नव्हतं. चहा आला, गार झाला. एक गिऱ्हाईक दारात डोकावलं आणि आमच्याकडे बघून निघून गेलं.

"काका, देवळात कधी असं अडलंय का?" पुतण्याने दबक्या आवाजात विचारलं.

"न्हाई," आबा म्हणाले.

मला पुढची कामं होती. मी म्हटलं, "आबा, आज हे वाळणार नाहीत. उघडायचं का ते तुम्ही सांगा. दाणे नाही, तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू हा प्रश्न त्यांना आयुष्यात कोणी विचारलाच नव्हता. मग त्यांनी अंगठ्याने आधी एक दाणा पुसला, मग दुसरा.

"उघडा," ते म्हणाले.

मागचं झाकण काढल्यावर मला बरं वाटलं. आत दोन डिस्क होत्या. एक मोठी, सामान साठवायची, आणि एक छोटी. जुन्या लॅपटॉपात सिस्टिम बहुधा छोटीवर असते. पुतण्याने पहिली दिसली ती मोठी पुसून तिच्यावर नवीन सिस्टिम टाकली होती, तीही अशा पद्धतीने की या जुन्या मशीनला ती सुरू करता येईना. आणि जुन्या मशीनना एक खोड असते. पहिल्या डिस्कवर अडकलं की दुसरीकडे बघतच नाहीत. म्हणून काळा पडदा. मोठीवरचं गेलं होतं. पण छोटीला कोणी हात लावला नसेल, तर मुलगा तिच्यावर जे सोडून गेला ते अजून तिथेच असणार.

हे मी आबांना सांगितलं. त्यांनी फक्त एवढं विचारलं, "म्हंजी हाय?"

"बघू."

मोठी डिस्क बाहेर काढली. चार्जर लावला, बटण दाबलं. कंपनीचं चिन्ह आलं, गेलं. पडदा काळा झाला. मग पांढऱ्या अक्षरांत एक ओळ आली, आणि ती नेहमीची, सुरू होतानाची ओळ नव्हती.

"काय म्हणतंय?" आबांनी विचारलं.

"तुमच्या मुलाने हा बंद केलाच नव्हता," मी म्हटलं. "झोपवून गेला होता. तसं केलं की लॅपटॉप जे काही चालू असतं ते सगळं डिस्कवर लिहून ठेवतो आणि पडून राहतो. वीज लागत नाही. जागा झाला की तिथूनच पुढे."

"म्हंजी त्यो उठून गेला तवाचं."

"हो. तेव्हाचंच."

पडदा उजळला. मुलाचं नाव आलं, खाली पासवर्डची चौकट. घड्याळ चुकीचं. मी म्हणणार होते की पासवर्ड नसला तरी हरकत नाही, डिस्क काढून माझ्या मशीनला लावते, सगळं दिसेल. तेवढ्यात लॅपटॉपमधून एक बाई बोलली.

पुतण्या खुर्चीसकट मागे सरकला. आवाज स्वच्छ होता, शिकवणीतल्या बाईंसारखा, इंग्रजीत. एक वाक्य बोलून ती थांबली. मग नुसता पंख्याचा आवाज. आम्ही तिघेही पडद्याकडे बघत होतो. पडद्यावर नाव आणि रिकामी चौकट, बाकी काही नाही.

"थँक यू," बाई म्हणाली आणि दुसरं वाक्य बोलली. पुन्हा गप्प.

तेव्हा माझ्या लक्षात आलं. "मुलाखतीची तयारी आहे," मी म्हटलं. "नोकरीच्या मुलाखतीची. ती प्रश्न विचारते, आपण उत्तर द्यायचं. तेवढी जागा मोकळी सोडलेली असते. तो हे ऐकत होता. मधेच झोपवून गेला, म्हणून आता तिथून पुढे लागलंय."

"काय इचारतीय?"

"घरापासून इतके महिने लांब राहू शकाल का."

"थँक यू," बाई म्हणाली. पुढचा प्रश्न.

"आता?"

"घरच्यांचं काय म्हणणं आहे."

"बंद करा ताई," पुतण्या म्हणाला.

"ऱ्हाऊ दे," आबा म्हणाले. त्यांनी स्टूल पुढे ओढलं आणि कान लॅपटॉपच्या अगदी जवळ नेला. प्रत्येक प्रश्नानंतरच्या त्या मोकळ्या जागेत ते श्वास रोखून ऐकत होते. मीही ऐकत होते, हे कबूल करते. तिथे काही असणं शक्य नव्हतं. त्याची उत्तरं कोणी नोंदवून ठेवलेली नव्हती. तो या जागांत मोठ्याने बोलत असेल, मनात बोलत असेल किंवा नुसता बसून असेल.

"त्यो काय सांगत असंल हितं?" त्यांनी विचारलं.

"ते यात नसतं, आबा. पण डिस्क लावून बघते. त्याने कुणाला काही लिहिलं असेल तर मिळेल. काढू का?"

"थांबा. तिचं झालं न्हाई."

तिचं झालं. प्रश्न संपले, क्षणभर काहीच ऐकू आलं नाही. मग ते पुन्हा पहिल्यापासून लागलं. मुलाने ते तसंच लावून ठेवलं असणार, पुन्हा पुन्हा ऐकायला. बाईने पहिला प्रश्न विचारला. तो आम्ही आधी ऐकला नव्हता.

"काय म्हणाली?" आबा.

"विचारतेय, तुम्हाला जहाजावर का जायचंय."

ती थांबली. बाहेर धुक्यात कोणीतरी शटर ओढलं. आबा पडद्यावरच्या मुलाच्या नावाकडे बघत होते, आणि उत्तराची जागा सरत चालली होती.

"देवानं सांगितलं म्हणून," आबा म्हणाले.

"थँक यू," बाई म्हणाली आणि पुढचा प्रश्न विचारला.